पेनल्टी कॉर्नरला पहिली धावणारी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, ज्यांच्याबरोबर भारताची निळी जर्सी घालून खेळले त्या मुलींनाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा राग इतका साचलाय की कुठेतरी ओतल्याशिवाय घास गोड लागत नाही, म्हणून असेल. आधी रागाचंच सांगते. ते सोपं आहे.

त्या सामन्याचा एक तुकडा अजून मोबाइलवर फिरतो. कदाचित तुम्हीही पाहिला असेल — पाहून हसलाही असाल. बायकांची आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धा, उपांत्य सामना, बरोबरी, शेवटची मिनिटं. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. त्यांची उंच मुलगी स्टिकने चेंडू ओढून गोलकडे फेकते. आणि आपली गोलकीपर, हेल्मेट, पॅड, हातमोजे असा सगळा जामानिमा अंगावर घेऊन, झेप घेते ती नेमकी उलटीकडे. चेंडू एका बाजूला, बाई दुसऱ्या बाजूला. कोणीतरी त्यावर लग्नाच्या बँडचं संगीत लावलंय. खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

ही गोलकीपर म्हणजे यमुना. पेठ तालुक्यातली, आश्रमशाळेत शिकलेली.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बायकांची हॉकी पाहिलेल्या लोकांनीही तिच्यावर तोंडसुख घेतलं. ‘देशाचं नाक कापलं.’ अरे, तुमच्या देशाला आदल्या दिवसापर्यंत तिचं नाव तरी माहीत होतं का? टीव्हीवर कोट घातलेले तज्ज्ञ म्हणाले, दडपण पेलवलं नाही. कुणी लिहिलं, कोट्यातून घेतली असेल. राष्ट्रीय संघात कोटा? कुठल्या चौकात ऐकलंत हे? आणि आमच्याच नाशिकमधल्या एका गृहस्थांनी, ज्यांनी आम्हाला सरावाला एक धड मैदान कधी मिळवून दिलं नाही, वर्तमानपत्रात मत मांडलं की डोंगरातल्या मुलींना मोठ्या सामन्यांची सवय नसते, त्यांना समजून घ्यायला हवं. समजून घ्यायला हवं! किती उदार माणूस!

मी हे सगळं वाचायचे आणि संतापाने थरथरायचे. खरंच थरथरायचे, खोटं नाही सांगत. माझ्या संतापात काही खोट नव्हती. खोट वेगळीकडे होती.

यमुनाला नाशिकला मी आणलं. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत मी पंच म्हणून उभी होते, तेव्हा एका संघाच्या गोलमध्ये ही काटकी पोर दिसली. मापाचे पॅड नव्हते, सुतळीने बांधलेले होते, तरी तिच्या अंगावरून चेंडू जाईना. सामना संपल्यावर मी विचारलं, गोलमध्येच का गं उभी राहतेस? म्हणाली, “तिथं पळाया लागत नाय ताई.” मी इतकी हसले! नंतर कळलं की साफ थाप होती. शाळेत जायला ती रोज डोंगर चढून उतरायची, पळायला काय घाबरणार? दुसरी कुठली मुलगी गोलमध्ये उभी राहायला तयार नव्हती, म्हणून ही राहिली होती. पण तसं सांगितलं की मैत्रिणींची चहाडी केल्यासारखं होतं — म्हणून थाप. मला तेव्हाच कळायला हवं होतं ही पोर कशी आहे ते.

नाशिक रोडला आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ती राहिली. दोन खोल्या, त्यात आम्ही चौघं आणि पाचवी ती. माझ्या आईने तिच्यासाठी नागलीची भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती तव्यावर जायच्या आधीच तुटली, आणि दोघी ओट्याशी हसत बसल्या. रात्रीची भांडी ती कोणाला घासू द्यायची नाही. मला ताई म्हणायची, माझ्या आईला आई. मुरमाच्या मैदानावर, जिथे चेंडू कुठे उसळेल त्याचा नेम नाही, तिथे मी तिला पेनल्टी कॉर्नर अडवायला शिकवलं. पुढे दोघींची एकत्रच राष्ट्रीय शिबिराला निवड झाली.

हे पेनल्टी कॉर्नरचं तुम्हाला समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोपं आहे. गोलच्या रेषेवर गोलकीपर आणि चार जणी उभ्या असतात. चेंडू आत आला की चौघींतली एक सुसाट निघते ती थेट चेंडू फेकणारीच्या अंगावर. तिला आम्ही पहिली धावणारी म्हणतो. तोंडावर जाळीचा मुखवटा, गुडघ्याला पॅड, आणि बाकी सगळं उघडं. ती चेंडू अडवायला जात नाही — अंगाने बाजू झाकायला जाते. एका रेषेत धावायचं. म्हणजे गोलची डावी बाजू तिच्या अंगाआड जाते. तिकडून चेंडू आला तर तो तिच्या मांडीवर, पोटात, हातावर, जिथे बसेल तिथे बसणार. आमच्या डावात डाव्या खांबाशी कोणी थांबायचं नाही, ती मुलगीही पुढे जायची. डावी बाजू पूर्ण धावणारीची. उजवी पूर्ण गोलकीपरची. गोलकीपरने डावीकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं तर उजवीकडे पोचायला उशीर होतो. चेंडू इतका जोरात येतो की दोन्हीकडे बघायला वेळच नसतो.

आणि याबरोबर एक रीत येते. कुठे लिहिलेली नाही, पण प्रत्येक संघात मी तीच पाहिली. धावणारीला कोणी बोलायचं नाही. गोल झाला तरी नाही, ती अडखळली तरी नाही. का, तर ती अंग पणाला लावते. शिबिरात एका मुलीचा जबडा फुटला होता असंच धावताना. महिनाभर पातळ पेज पीत होती. तेव्हा धावणारीला जाब विचारायचा अधिकार कोणालाच नाही — प्रशिक्षकाला थोडा असेल, गोलकीपरला तर मुळीच नाही. ही रीत यमुनाला कोणी शिकवली? मीच. त्याच मुरमाच्या मैदानावर. एकदा ती कुरकुरली होती, “ताई, तू थोडी अलीकडून धावली.” मी कडाडले, की समोरून चेंडू अंगावर घेऊन बघ, मग बोल. पुन्हा ती कधी बोलली नाही.

संघाची पहिली धावणारी मी होते. हे आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण थांबा, आधी सत्काराचं सांगू दे. नाही, मी टाळत नाही — टाळतेय, खरं आहे — पण तेही यातलंच आहे.

पदक न मिळवता परतलो, तरी नाशिक रोडला माझा सत्कार झाला. सभागृहाबाहेर फलक. त्यावर मी, मुखवटा घातलेली, पुढे झेपावणारी. साखळी सामन्यातला फोटो होता. त्या दिवशी मात्र मी खरोखर रेषेत धावले होते. खाली लिहिलं होतं ‘छातीवर चेंडू झेलणारी नाशिकची वाघीण’. शाल, नारळ, द्राक्षांची पेटी. यमुनालाही बोलावलं होतं, बरं का. शेवटच्या रांगेत. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवरून तिच्याकडे हात केला आणि म्हणाल्या, चुका माणसाकडूनच होतात, आपण मोठ्या मनाने यमुनाताईंच्याही पाठीशी उभं राहू या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कसल्या टाळ्या होत्या त्या? स्वतःच्या मोठ्या मनासाठीच ना? यमुना उठून उभी राहिली, नमस्कार केला, खाली बसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या बाईंच्या हातातला माइक हिसकावून घ्यावा असं वाटलं.

आणि मी काय केलं? खांद्यावरून घसरलेली शाल सावरली.

आता सांगते.

त्या शेवटच्या कॉर्नरला चेंडू आत आला आणि मी निघाले. चार पावलं ठीक गेली. मग त्या उंच मुलीचा खांदा वळताना दिसला, आणि मला कळलं, हा इकडेच येतोय. माझ्याकडे. आणि मी सरकले. फार नाही. हातभर. अंग चोरलं. चेंडू माझ्या कमरेपासून वीतभर अंतरावरून गेला, त्याचा वारा लागला मला. जिथे माझी कंबर असायला हवी होती तिथून तो गेला. मागे यमुना तिची उजवी बाजू धरून झेपावली होती, जसं मी तिला शिकवलं होतं अगदी तसं. डावी बाजू उघडी होती. मी उघडी टाकली होती.

का सरकले? कारणं पुष्कळ आहेत माझ्याकडे. इतक्या वर्षांत छान घोटून ठेवलीत. एकही सांगणार नाही. घाबरले, एवढं पुरे.

आणि घाबरणं हे तरी काय मोठं पाप? भल्याभल्या घाबरतात. त्याच रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले असते की मी सरकले गं, तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, पुढच्या सामन्याला बाकावर बसले असते, आणि संपलं असतं. मला कोणी फासावर देणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात प्रशिक्षकांनी सामना पडद्यावर लावला. कॅमेरा मैदानाच्या बाजूला होता, आणि बाजूने पाहिलं की मी सरळ धावतेय असंच दिसतं. हातभर इकडे का तिकडे, ते फक्त मागून कळतं. बाकीच्या तिघीही पुढे गेलेल्या. मागे कोण होतं? एकटी यमुना. सरांनी चित्र थांबवलं आणि मला विचारलं, “लाइन पे थी?”

मी म्हणाले, “थी, सर.”

मग त्यांनी यमुनाला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, “दीदी लाइन पे थी सर. मैं जल्दी हिल गई.”

तिने पाहिलं होतं. तिच्याइतकं स्वच्छ कोणीच पाहिलं नव्हतं. तरी ती रीतीला जागली — मी कडाडून शिकवलेल्या रीतीला! आणि मी त्या रीतीआड लपले. जी रीत जबडे फुटलेल्या मुलींसाठी होती, ती मी माझ्यासारखीसाठी वापरली. याचा मला जितका संताप येतो ना, तितका त्या बँड लावणाऱ्यांचा येत नाही. ते अडाणी होते. मला सगळं माहीत होतं.

यमुनाला पुढच्या शिबिराचं बोलावणं आलं नाही. माझं आलं. त्याच खेळाच्या जोरावर मला नोकरी लागली, घर झालं, खेळातली मोठी बाई म्हणून समित्यांवर बसू लागले. ती पेठला परत गेली. शेती बघते, आणि आश्रमशाळेतल्या मुलींना सुट्टीच्या दिवशी हॉकी शिकवते, फुकट. मी सणावाराला फोन करायचे. पॅड पाठवायचे, जुने चेंडू पाठवायचे. किती चांगली ताई! प्रत्येक वेळी पार्सल बांधताना मला वाटायचं, फिटलं थोडं. काय फिटलं? कोणाला फसवत होते?

एवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. इतकी कोडगी झाले होते मी.

पण अलीकडे नाशिकमधल्या एका प्रशिक्षण केंद्राला गोलकीपरांसाठी प्रशिक्षक हवी होती. पगाराची, कायमची जागा. यमुनाने अर्ज केला, आणि निवड समितीत मी होते. मी खूश झाले, हो! म्हटलं, चला, आता तिचं काम करून टाकू. तिच्या शाळेतल्या दोन गोलकीपर पोरी राज्याच्या संघापर्यंत गेल्या होत्या, तिच्याइतकी लायक दुसरी उमेदवार नव्हती. मला वाटलं, ही जागा तिला मिळाली की मला काही बोलायची गरजच उरणार नाही. बघा, तिच्या भल्यातही मी माझी पळवाट शोधत होते.

ती आली. इस्त्री केलेला ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले. कशी शिकवते ते तिने छान सांगितलं. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ, हॉकीची स्टिक कधी हातात धरलेली नसावी, मध्येच खिशातून मोबाइल काढून म्हणाले, एक मिनिट. आणि त्यांनी तो तुकडा लावला. तिच्यासमोर. आवाजासकट! बँड वाजला त्या खोलीत. चहा देणारा शिपाईसुद्धा खाली मान घालून बाहेर गेला. अध्यक्षांना काही वाटलं नाही. म्हणाले, “बाई, ज्या गोलकीपरला स्वतःची बाजू कळली नाही, ती मुलींना काय शिकवणार?” आणि माझ्याकडे वळून, “मॅडम, तुम्ही तर त्या सामन्यात होतात. तुम्हीच सांगा.”

यमुनाने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. ती वाट बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं. तीन-चार शब्दांचं. तिची नोकरी त्या वाक्यावर होती, आणि मला ते माहीत होतं.

मी घसा साफ केला आणि म्हणाले, “सर, सामना संघ हरतो, एकटी मुलगी हरत नाही. एका चुकीसाठी कोणाला जन्मभर धरून ठेवू नये.”

“वा!” अध्यक्ष म्हणाले. “याला म्हणतात मन!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. किती सुंदर बोलले मी! चूक तिची हे कायम ठेवून, वर क्षमाही करून टाकली. अध्यक्षांनी तिला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती म्हणाली, “नाय सर.”

जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. मी यमुनाला पूर्ण गुण दिले होते, आणि बाकीच्यांनी दिले नाहीत याचा मला राग आला. ऐकताय ना? मला त्यांचा राग आला! घरी येऊन नवऱ्याला अर्धा तास ऐकवलं की या लोकांना खेळातलं काही कळत नाही, आदिवासी मुलगी म्हटली की यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सगळं खरं होतं. एकेक शब्द खरा होता. तो बिचारा म्हणाला, “अगं, तू तरी बोललीस तिच्या बाजूने.”

मुलाखत झाल्यावर मी तिला गाडीतून सीबीएस बसस्थानकावर सोडायला गेले होते. पेठची बस लागलेली होती. ती उतरली, पिशवी खांद्याला लावली. मला राहवेना, किंवा मला तिच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, बरं वाटेल असं. मी खिडकीतून म्हणाले, “मी माझ्याकडून केलं गं जेवढं होईल तेवढं.”

ती वाकली. गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, पण ती हळूच बोलली, आणि मला सगळं नीट ऐकू आलं.

“ताई, तू आज मला त्या लोकांपुढं माफ केलं. मी काय केलं होतं?”

तिने उत्तराची वाट पाहिली. खरंच पाहिली. बस सुरू झाली तरी ती उभी होती. मग ती गेली, मागच्या दाराने चढली, आणि मी गाडीच्या काचेवरची धूळ पुसत बसले.

तिचं उत्तर तिथे दिलं नाही, म्हणून इथे देतेय. तिला न विचारता लिहितेय, समितीतल्या लोकांनाही पाठवणार आहे. त्याने ती जागा परत येणार नाही. गेलेली वर्षंही येणार नाहीत. तिने हे वाचून मला काही म्हणावं, अशी माझी इच्छा नाही. तसा माझा हक्कही नाही.

यमुने, तू काही केलं नव्हतंस. तू तुझ्या बाजूला होतीस. मी माझ्या बाजूला नव्हते. त्या दिवशीही नाही, आणि समितीच्या खोलीतही नाही.